चाव्यांच्या जुडग्यातला चाकू

माय, आज रविवार आहे आणि मला कार्यालयाला खुलासा लिहून द्यायचा आहे. विषय असा: शिक्षिकेने शाळेत चाकू बाळगल्याबाबत. 'बाबत' हा शब्द कागदावर आला की माणूस तिथेच निम्मा गुन्हेगार होतो. सकाळपासून तीन कागद फाडून झाले. चौथ्यावर 'प्रति' लिहायच्या जागी हातानं 'माय' लिहिलं, तर म्हटलं आता लिहूनच टाकू. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तशी जिवंतपणीही तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, आणि त्यातला नको तो मजकूर गाळायचे, हे तुला ठाऊक होतं. आज काही गाळत नाही.

धानोऱ्याच्या पुढची ती आश्रमशाळा आठवली की मला आधी तुझ्या कमरेचा आवाज आठवतो. कोठीच्या चाव्यांचं जुडगं तू डाव्या बाजूला खोचायचीस आणि त्याच जुडग्यात तो घडीचा चाकू. आठवडी बाजारात घेतलेला, शिसवी मुठीचा, पितळेच्या दोन खिळ्यांचा. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं. दीडशे मुलींची भाजी तू मोठ्या विळ्यावर चिरायचीस, तो चाकू त्या कामाचा नव्हताच. तो बाकीच्या जगासाठी होता. पोत्याची सुतळी, तेलाच्या डब्याचं बूच, कुणाच्या चपलेचा तुटलेला अंगठा, आणि रविवारी सकाळी काटे. मुली अनवाणी रानात जायच्या आणि रविवारी स्वयंपाकघराच्या दाराशी रांग लावून बसायच्या. तू चाकूचं टोक चुलीच्या जाळावर धरतेस, पदरानं पुसतेस, मुलीची टाच मांडीवर घेतेस. मुलगी आधीच गळा काढते. "काटा निंगाच्या आंधीच काऊन रडून राह्यली वं? निंगू तं दे," तू म्हणतेस, आणि तिला हसू येतं तेवढ्यात काटा तुझ्या नखावर असतो. बाप गेल्यावर आपण दोघी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होतो, पण मला बिनबापाची असल्यासारखं कधी वाटलं नाही. माझ्या आईकडे चाकू आहे, मग आपल्याला कसली काळजी, असं माझं साधं गणित होतं.

लोकांना मात्र काळजी वाटायची. नवीन अधीक्षक आले त्या दिवशी ते जेवणघर बघायला आले आणि तुझ्या कमरेकडे बघून दोन पावलं मागे सरले. "बाई, हा स्वयंपाकाचा चाकू आहे की दरोड्याचा?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, "साहेब, दरोडा घालाले कोठीत हाये का काई? तांदूळ तं आता तुमीच मोजून देणार." ते गोरेमोरे झाले. आणि संध्याकाळच्या आत शिपाई तुझ्याकडे आला, साहेबांच्या मच्छरदाणीची दोरी कापायची आहे, चाकू मागितला आहे. एसटीतही तेच. तू माझ्यासाठी पेरू कापत होतीस तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बाई, ते अंदर ठेवा ना, लेकरं बसून हायेत." तू घडी करून ठेवलास. गाडी दोन थांबे पुढे गेली असेल नसेल, ते खाकरले आणि म्हणाले, "माह्याजवर काकडी हाये. जरा देता का?" माणसाला चाकूची भीती वाटते ती त्याला स्वतःला गरज पडेपर्यंत. नंतर तो मागून घेतो, आणि परत करताना वर आणखी सांगतो, धार लावून घ्या.

मागणाऱ्याला तू चाकू कधी हातात दिला नाहीस. घडी मिटवून खाली ठेवायचीस, ज्याला हवा त्यानं उचलायचा. गावातल्या बाया म्हणायच्या, चाकू हातोहात दिला की भांडण लागतं. तू त्यांना हसायचीस. आपण बुद्धाला मानणारे, आपल्याकडे असलं काही नाही, असं म्हणायचीस, आणि तरी चाकू खालीच ठेवायचीस. मी एकदा पकडलं तुला. तू म्हणालीस, "भांडनासाठी नाई वं. देणाऱ्याचं ध्यान एकीकडे, घेणाऱ्याचं एकीकडे, आन् बोट मधात." मग मी सातवीत असताना तो दिवस आला. मी तुझ्या जुडग्यातून चाकू काढला, उघडला आणि माझी खेळणी घेणाऱ्या एका मुलीला नुसता दाखवला. चेष्टाच होती, पण ती मुलगी पांढरीफटक पडली. तू मला मारलं नाहीस. तवा उतरवून आलीस, चाकू मिटवलास आणि म्हणालीस, "चाकू कामाले काढाचा. कोनाले दाखवाले नाई. ज्याले दाखवला त्याच्या मनातून तो जात नाई." त्या मुलीपुढे मला माफी मागायला उभं केलंस आणि तिनं हूं म्हणेपर्यंत सोडलं नाहीस. तिला हूं म्हणायला दोन दिवस लागले आणि दोन दिवस मी जेवायला तिच्याशेजारी बसले. मार खाल्ला असता तर विसरले असते.

ब्रह्मपुरीला डीएडला निघाले तेव्हा तू जुडग्यातून चाकू सोडवलास. कडी जाम झाली होती, तुला दातानं उघडावी लागली. मी म्हटलं, तुला लागेल की. तू म्हणालीस, "मले विळा हाये. तुले कोन हाये तिथी?" आणि तो खाटेवर ठेवलास, मी उचलावा म्हणून. नंतर कित्येक दिवस तुझ्या चालण्याचा आवाज बदलला होता म्हणे, मुली सांगायच्या. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या तिघींनी पहिल्या दिवशी वॉर्डन बाईंकडे जाऊन माझी तक्रार केली आणि आंब्याच्या दिवसांत त्याच तिघी माझ्या खाटेवर घर करून बसल्या. लग्नानंतर तुझा जावई म्हणाला होता, "मले भेव दाखवतं का?" आता घरी पार्सल आलं की आधी माझी पर्स शोधतो. एकदा चंद्रपूरच्या एका मोठ्या दुकानात दारावरच्या माणसानं चाकू काढून घेतला, टोकन दिलं, वर दोन वाक्यं सुनावली. परत घेताना पात्याला सफरचंदाचं साल चिकटलेलं होतं. मला एवढं हसू आलं की त्याला मी काही बोलूच शकले नाही. तू असतीस तर त्याला अर्धं सफरचंद मागितलं असतंस.

पण माय, एक गोष्ट मी तुझ्यासारखी केली नाही. तू चाकू कमरेला लावायचीस, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचा. मी नोकरीला लागले आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला. पहिल्या शाळेत सोबतचे गुरुजी मला डाकू मॅडम म्हणायला लागले होते. चेष्टाच, पण मला झोंबली. साडी चापूनचोपून नेसलेली बाई, हातात हजेरीपट, आणि कमरेला चाकू, हे मलाच बरं दिसेना. लपवला की प्रश्न संपले असं वाटलं. तेच अंगाशी आलं.

मी आता आहे ते गाव जंगलात आहे, सगळी वस्ती गोंडांची. चौथीपर्यंतची शाळा, मी आणि एक गुरुजी. पंधरा दिवसांपूर्वी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पुस्तकांचे गठ्ठे नुकतेच सोडले होते, चाकू टेबलावर सुतळीशेजारी राहिला होता. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "हे काय? अशा भागात, शाळेत हत्यार? उद्या पेपरात आलं तर कोण जबाबदार?" एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं, साहेब, माझा आहे. ते आलं नाही. मी म्हणाले, "एका मुलीकडून काढून घेतलाय." साहेब लगेच म्हणाले, नाव सांगा, पालकांना बोलवा, शाळा समितीपुढे विषय घ्या. मी म्हटलं, बघून सांगते. त्यांनी चाकूचा फोटो काढला आणि गाडीत बसले. दुपारपर्यंत तो फोटो, 'एका मुलीकडे सापडला' या ओळीसह, गावातल्या मोबाइलवर होता.

चौथ्या दिवशी समितीची सभा झाली. मोहाचे दिवस. माणसं पहाटेपासून रानात फुलं वेचून थेट शाळेत आली होती, कपड्यांना मोहाचा तो गोड आंबूस वास. इथला रिवाज असा की माणूस घराबाहेर पडला की कुऱ्हाड खांद्यावर असतेच, पण बैठकीत कुणी ती आत आणत नाही. व्हरांड्यातल्या भिंतीला नऊ कुऱ्हाडी ओळीनं टेकवलेल्या, त्यांच्या बाजूनं पहिलीची पोरं पकडापकडी खेळताहेत, आणि आत आम्ही बोटभर चाकूवर विचार करायला बसलेलो. मला रडावं की हसावं कळत नव्हतं. तेवढ्यात एक बाप उठला. साधा, कधी न बोलणारा माणूस. म्हणाला, "म्या माह्या पोरीले मारलं काल. दप्तर झाडलं, काई नाई निंगालं, तरी मारलं. फोटोतला चाकू तिचाच असन असं वाटलं. आता कोनाचा हाये ते सांगा बाई, मंग मले समाधान."

माय, मी चार दिवस शाळेत शिकवत होते, फळ्यावर सुविचार लिहीत होते, आणि कुणाच्या तरी घरात माझ्या खोट्यापायी लेक मार खात होती. नोकरी जाईल, बदली होईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं डोक्यात होतं. मी चाकू पर्समधून काढला, मिटलेलाच, आणि सतरंजीच्या मधोमध खाली ठेवला. म्हणाले, "माझा आहे. माझ्या आईचा होता. ती आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. मी साहेबांना घाबरून खोटं बोलले." गुरुजींनी मान खाली घातली. मग तो बाप म्हणाला, "मंग माह्या पोरीले आता तुमीच सांगा." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई आहेत. त्यांनी चाकू उचलला, उघडला, अंगठ्यानं धार पाहिली, मिटवून परत खाली ठेवला. तसाच, तुझ्यासारखा. म्हणाल्या, "बाई, आमची कुऱ्हाड खांद्यावर राह्यते. सब लोकाइले दिसते, म्हून कोनी भेत नाई. तुमचा पिशवीत लपून होता. लपलेला दिसला म्हून साहेब भेला. आन् तुमी बी भेल्या." एवढ्यावर त्यांनी सभा संपवली. ठरावात लिहायला लावलं की चाकू शिक्षिकेचा असून कामाचा आहे, कोणत्याही मुलीचा दोष नाही. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि आपापली कुऱ्हाड घेऊन गेले.

मी त्या मुलीच्या घरी गेले. ती अंगणात मोहाची फुलं पसरत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं, चाकू माझा होता, तुला माझ्यामुळे मार बसला, चूक माझी. ती पसरतच राहिली. मी तिच्यासोबत फुलं पसरायला बसले, दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून विचारलं, "बाई, त्यानं काटा निंगते का?" काटा निघाला, चांगला करवंदीचा होता. हे करायचं कसं, कुठे उभं राहायचं, किती वेळ थांबायचं, हे मला कुणी डीएडला शिकवलं नव्हतं. ते तू शिकवलंस, सातवीत, तवा उतरवून येऊन. माझ्याकडे आज जी काही लाज शाबूत आहे ती तुझ्या स्वयंपाकघरातली आहे, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायला मला सोळा वर्षं आणि एक नोटीस लागली.

ठरावाची प्रत तालुक्याला गेली आणि तिच्यावरूनच ही नोटीस आली. खुलाशात आता सरळ लिहीन. चाकू माझा, खोटं माझं, शिक्षा द्याल ती मान्य. चाकू शाळेच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवला आहे, कमरेला लावला आहे, चालताना वाजतो. साहेब पुन्हा येतील तेव्हा काय म्हणतील ते म्हणोत. हा कागद मात्र कुठे पाठवायचा नाही. तो कपाटात पुस्तकांखाली राहील.

एक राहिलं. साहेबांनी नाव विचारलं तेव्हा मी 'बघून सांगते' म्हणाले, हे मी सभेत सांगितलं. नाव माझ्या जिभेवर आलं होतं, हे नाही सांगितलं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची मुलगी, तिसरीतली. तिच्या बाजूनं भांडायला कुणी येणार नाही, हे माझ्या मनानं एका क्षणात ताडलं होतं. काल तिच्या आईनं मला पहिलं ताट वाढलं, वर लोणचं घातलं, आणि मी ते खाल्लं.