मेलेल्या सापाचा नियम

सोमवार
गोल्फ क्लबात कॅडी म्हणून लागलो. खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर टाकायची आणि त्याच्यामागे भटकायचं. भटकणं आपल्या रक्तातच आहे. ताईचं म्हणणं, ही नोकरी गेली तर माझ्या हॉलमधलं अंथरूण गुंडाळ. काहीही बोलते.

मंगळवार
कॅडी मास्तरांनी नियमांचं पुस्तक दिलं. अख्खं पाठ करणार. सुरुवात सापापासून केली, बाकीचं रटाळ आहे. बॉलशेजारी जिवंत साप असेल तर बॉल लांब ठेवून खेळा, दंड नाही. मेलेला साप म्हणजे पालापाचोळा, उचला नि फेका! बॉल संत्र्यात रुतला तर मात्र संत्र्यासकट हाणा. हसून हसून पुरेवाट. मग संत्री आणायला गेलो. उरलेलं नंतर.

बुधवार
पुस्तक संपल्यातच जमा. इतर कॅडी मला वकीलसाहेब म्हणतात. आदर आहे.

शुक्रवार, सकाळी
मास्तर म्हणाले, रविवारी फायनलला बँकेतल्या मॅडमची बॅग तुझ्याकडे. त्या जिंकल्या तर तू कायम. मॅडम भेटल्या. म्हणाल्या, बाबा रे, तू फक्त गप्प राहा. टेन्शन असणार बिचारीला.

रविवार, दुपारी
शेवटचा होल. बरोबरी. मॅडमचा बॉल तळ्याकाठच्या गवतात. मी पळत पुढे. बॉलला टेकून काळं, लांबडं! हलेना. म्हणजे मेलेला. नियम तोंडपाठ! काठीने उडवला तो थेट तळ्यात. बॉल जरासा घरंगळला. जरासाच.
पंच आले, काय होतं म्हणून विचारलं. मॅडम लांबूनच ओरडल्या, पाइपचा तुकडा असेल हो, माळी टाकतात इथे! मी म्हटलं, छे, साप. पंच म्हणाले, नीट आठव. पाइप माणसाने केलेला, तो काढताना बॉल हलला तर माफ. साप निसर्गाचा, तिथे एक फटका दंड, आणि कॅडीची चूक खेळाडूच्या माथी. मॅडम माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. पण आपण खोटं बोलत नाही. नाग होता, म्हटलं. फणाही करून दाखवला.

रविवार, संध्याकाळी
मॅडम एका फटक्याने हरल्या. माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात. मास्तरांनी क्लबाची टोपी काढून घेतली. निघताना तळ्याकाठी ही गर्दी! माझा नाग तरंगत होता. अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'अर्धा इंच'. पण तोवर गुणांच्या कार्डावर सह्या झालेल्या, म्हणजे निकाल पक्का.
ताईने अंथरूण दाराबाहेर ठेवलंय. त्यावरच बसून लिहितोय.
तरी मेलेला होता, हे मी लांबूनच ओळखलं होतं.