उंच टाचा, चव्वेचाळीस नंबर

७ ऑक्टोबर, शनिवार

घेतले! घेतले, घेतले, घेतले!

काळं कातडं, गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारे, आतल्या बाजूने चेन, टाच नऊ सेंटिमीटर. आणि नंबर चव्वेचाळीस — माझा नंबर! बोटं दुमडून, दात-ओठ खाऊन घातलेले नव्हेत. माझ्या मापाचे.

ब्रेमेनला गेलो होतो. विबकेला सांगितलं, गाडीचा एक पार्ट बघायचाय. बायकोला थाप मारायला ड्रायव्हिंग स्कूलसारखा धंदा नाही — गाडीचं काही ना काही निघतंच.

स्टेशनवर आइके यायचा होता. दोन वर्षं आम्ही इंटरनेटवरच्या त्या ग्रुपमध्ये एकमेकांना लिहितोय. सगळे आमच्यासारखेच — बायका-पोरं असलेले बाप्ये, टाचांचं वेड लागलेले. पण तोंड आज पहिल्यांदा पाहिलं. सहासष्ट वर्षांचा, जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, पांढरी दाढी, हात फावड्याएवढे. आणि पायात तपकिरी बूट, दहा सेंटिमीटर! दिसायच्या आधी ऐकू आला. फलाटावर टक्, टक्, टक्. तो कुणाला वाट देत नव्हता, लोकच त्याला देत होते.

"हेनिंग ना तुम्ही? घाबरलेला माणूस मी लांबून ओळखतो."

आजवर तीनदा असे बूट घेतले, तीन वेगळ्या गावांत. तिन्ही दुकानांत विचारलं, "बायकोसाठी?" — आणि मी, "हो, वाढदिवस आहे." तिन्ही जोड घट्ट. तिन्ही दोन-दोन महिन्यांत भीतीपोटी कचऱ्यात.

आजही तोच प्रश्न. साठीची बाई, चष्मा केसांवर सरकवलेला. "मिसेससाठी का?" आइके मुद्दाम काचेकडे तोंड करून उभा. मदत नाही की काही नाही!

म्हणालो, "नाही. माझ्यासाठी."

आवाज फाटला. पण म्हणालो!

बाई हसली नाही. "मग बसा. आणि ते लोकरीचे मोजे काढा आधी, त्याच्यावरून माप कसं कळायचं?" स्वतः गुडघे टेकून बसली, चेन ओढली. पोटरीपाशी अडली. "सायकल चालवता?" "रोज." "वाटलंच." मागे गेली, रुंद पोटरीचा जोड घेऊन आली.

उभा राहिलो. आरशात मीच. बावन्न वर्षांचा, टक्कल पडत चाललेला, वाचायचा चष्मा गळ्यात लोंबकळतोय. पण सरळ! पाठीला कुणीतरी हळूच हात लावून "नीट उभा राहा" म्हणावं, तसा.

आइके काचेकडेच बघत म्हणाला, "श्वास घ्या आता."


८ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये, हिवाळी टायरांच्या मागे ठेवलेत. दोनदा जाऊन बघून आलो. टायर बघतोय म्हणालो.


१४ ऑक्टोबर, शनिवार

रस्त्यावर! दिवसाढवळ्या! ब्रेमेनच्या भर गर्दीत!

स्टेशनच्या संडासात बूट बदलले, जुने पिशवीत कोंबले आणि दहा मिनिटं दाराच्या कडीवर हात ठेवून तसाच उभा. बाहेरून आइके: "मेलात का?"

पहिली पन्नास पावलं — अजिबात आठवत नाहीत. फक्त आवाज. टक्, टक्. तो मी करत होतो!

आइकेची शिकवणी चालूच. "टाच आधी, चवडा मग. गुडघे वाकवून चाललात तर चोरासारखे दिसता. जमिनीकडे काय बघताय, जमीन कुठे जात नाही." दगडी गोट्यांच्या रस्त्यावर मात्र उलटं — भार चवड्यावर, पावलं लहान, आणि गप्पा बंद. दोनदा घोटा वळला. दोनदा त्या फावड्यासारख्या हाताने दंड धरला.

एका पडक्या इमारतीचं काम चाललेलं. वर परांचीवरून एका गवंड्याने शिट्टी मारली. मी गळाठलोच. आइके थांबला, मान वर करून ओरडला, "बेसूर आहे! परत मार!" गवंडी एवढा हसला की त्याने खरंच परत मारली.

नदीकाठी हेरिंग माशाचा पाव खाल्ला, उभ्यानेच. दोन शाळकरी पोरी शेजारी. एक दुसरीला म्हणाली, "बघ ना, काकांना जमतं, आणि तू लग्नात अनवाणी नाचलीस." बस्स. एवढंच. आकाश कोसळलं नाही.

बिअर घेताना आइके म्हणाला, "ते तुम्ही-तुम्ही पुरे झालं आता. आइके म्हण."

म्हटलं.


१७ ऑक्टोबर

आज क्लासला आलेल्या बाईंना सवयीने सांगितलं, "टाचांचे बूट काढा, पेडलचा अंदाज येत नाही." वीस वर्षं सांगतोय. मग त्या काढत असताना मी त्यांना विचारलं, कुठून घेतले? भलतंच बघायला लागल्या माझ्याकडे!


२२ ऑक्टोबर, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

काल परत ब्रेमेन. मजेत होतो, आइकेचा हातही धरावा लागला नाही. स्टेशनच्या जिन्यावर समोरून हार्म्सबाई. विबकेच्या औषधाच्या दुकानात तिच्या शेजारच्या काउंटरवर असतात त्या! "ल्युर्स साहेब?" तोंडाकडे बघितलं. खाली बघितलं. परत तोंडाकडे. "माझी गाडी चुकेल," म्हणाल्या आणि गेल्या. गाडीला अर्धा तास होता — आम्ही एकाच गाडीने आमच्या गावी, त्सेल्लेला जाणार होतो! मी पुढच्या गाडीची वाट पाहिली.

आइके म्हणाला, "सोमवारी सगळ्या गावाला कळेल. तुझ्या बायकोला आज कळू दे. तुझ्या तोंडून."

म्हणून घरी पोचलो तो वाक्य पाठ करतच. स्वयंपाकघरात विबके बसलेली. समोर टेबलावर बुटांचा खोका. रिकामा. टायर बदलायला बोलावलेल्या माणसाने सकाळी गॅरेज उघडायला सांगितलं होतं म्हणे.

"कोण आहे ती?"

मला कळेचना.

"दर शनिवारी ब्रेमेन. गाडीचा पार्ट! हेनिंग, मी मूर्ख नाही. आणि नंबर चव्वेचाळीस? चव्वेचाळीस! बाई आहे की घोडा?"

मला हसू आलं. भीतीचं हसू. ते बघून ती रडायला लागली, चोवीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंडपाठ केलेलं वाक्य गेलं कुठच्या कुठे. पिशवीतून बूट काढले, खुर्चीवर बसलो, चेन ओढल्या, उभा राहिलो. टक्, टक्, टेबलापासून फडताळापर्यंत आणि परत.

"ही आहे ती," म्हणालो.

विबके बघत राहिली. रडणं थांबलं. मग उठली, वर गेली, दार लावून घेतलं.


२४ ऑक्टोबर

"मीठ दे." आजचं एवढंच संभाषण.


२६ ऑक्टोबर

कपडे वाळत घालताना विबकेने विचारलं, पाठमोरीच —

"कधीपासून?"

"सतरा वर्षांचा होतो."

"म्हणजे माझ्या आधीपासून." चिमटे लावत राहिली. "बुटांचं काही नाही रे. तू तासन्‌तास गॅरेजमध्ये बसायचास. मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय. चोवीस वर्षं मला तसं वाटू दिलंस."

चिमटे देत राहिलो. एकेक घेत होती. बोटं लागत होती बोटांना.

मग म्हणाली, "बाईसारखं वाटतं का तुला ते घालून?"

"नाही. माझ्यासारखं वाटतं. जरा उंच."

"एक मीटर अठ्ठ्याऐंशी आहेस, गाढवा. अजून किती!"

गाढवा म्हणाली!!


३० ऑक्टोबर

हार्म्सबाईंनी काम चोख बजावलंय. पावाच्या दुकानात मी शिरलो की बोलणं बंद, नजरा बुटांवर. साधेच होते, सपाट. नजरांची निराशा झाली.

दोन क्लास रद्द. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण वातावरण…" वातावरण!

विबकेला दुकानात एकीने विचारलं, "कुरुपाची पट्टी हवी असेल ना आता मिस्टरांना?" विबके म्हणे शांतपणे म्हणाली, "त्यांना नको, त्यांचे बूट मापाचे आहेत. तुम्हाला मात्र लागतेच दर महिन्याला. एक पाकीट की दोन?"

जेवताना हे सांगितलं तिने, आणि शेवटी स्वतःच खुदकन हसली. मी ताटावरून हललो नाही. हललो तर हसू पळून जाईल असं वाटलं.


३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी म्हणालो, उद्या बूट घालून गावात जरा फिरून येईन. सहाला, सकाळी, कुणी नसताना. एकदा गावात चाललो की झालं.

विबकेने सुरी खाली ठेवली. "चोरासारखं? मग नकोच जाऊस. जायचं तर अकराला जा. बाजार भरलेला असताना. मधून जा."

"तू येशील?"

"नाही. मला ड्यूटी आहे एकपर्यंत. आणि ते तुझं काम आहे, माझं नव्हे."

तिचं दुकान बाजाराच्या चौकातच आहे. हे आम्ही दोघंही बोललो नाही.


४ नोव्हेंबर, शनिवार

अकरा वाजता. मधून!

आरशासमोर कोट तीनदा बदलला. शेवटी रोजचाच घातला, त्यावर कॉलर नीट केली, निघालो. आमच्या गल्लीत डांबर आहे, तिथे राजासारखा चाललो. चौक सुरू झाला की गोटे — चवड्यावर भार, पावलं लहान, मान वर. सगळं एकदम कसं आठवणार!

आवाज आधी पोचला. फुलवाल्यापाशी माना वळल्या, मग चीजवाल्याकडे, मग एक अख्खी रांग. इतकी शांतता की माझ्याच टाचा मला मोठ्या वाटायला लागल्या. पहिली बोलली ती मासेवाली गेझा. तिच्या पोराला मीच गाडी शिकवली.

"हेनिंग! आता दिवा बदलायला शिडी नको तुला!"

हशा. पण बरा हशा, बोचरा नव्हे की कडू नव्हे. मला एकदम ऊब वाटली. "येतो की, तुमच्याकडचाही बदलतो," म्हणालो. "ये ये, दोन गेलेत!"

सगळेच असे नव्हते. मधाच्या गाड्यापाशी एक ओळखीचा माणूस, आमच्या नेमबाजीच्या क्लबातला, मोठ्याने म्हणाला, "लाज वाटत नाही? सोंगांचा कार्निव्हल कोलोनला असतो, इथे नाही." त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. उत्तरं सुचली ती घरी आल्यावर — एक सोडून तीन. तिथे नुसतं "सुप्रभात" म्हणालो आणि चालत राहिलो. तिथेच घोटा वळला असता.

आणि मग औषधाचं दुकान. पायरीवर विबके. पांढरा कोट, हाताची घडी. मागे काचेला नाक लावून हार्म्सबाई. सगळा बाजार माझ्याकडून तिच्याकडे बघायला लागला — आता ही काय करते? मलाही माहीत नव्हतं! देवाशपथ माहीत नव्हतं. वीस पावलं राहिली. दहा.

विबके ओरडली, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी:

"हेनिंग! येताना बटाटे आण. पाच किलो. मागच्यासारखे हिरवे नकोत!"

आणि आत गेली.

बस्स! त्या एका वाक्याने चौक परत चालू झाला. भाव, वजनं, पिशव्या. बटाटेवाला आधीच भरायला लागलेला. पाच किलो, दोन पिशव्या, नऊ सेंटिमीटर टाच आणि तीनशे मीटर गोटे! घामाने निथळलो. नाचावंसं वाटत होतं. नाचलो नाही, बटाटे होते.

आइकेला फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, "हिरवे निघाले का?" एकही नाही!


५ नोव्हेंबर

डाव्या टाचेला फोड. विबकेने मलम लावलं, दुकानातून आणलेलं. लावता लावता बूट हातात घेऊन उलटसुलट बघितले. "शिलाई चांगली आहे," म्हणाली. मग जरा वेळाने, "पुढच्या वेळी मला खरं सांगून जा. ब्रेमेनलाही." सांगेन. आजपासून सगळं.


७ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी स्कूलच्या फोनवर पुरुषाचा आवाज. नाव सांगितलं नाही. क्लासची वेळ हवी का, विचारलं. नुसता श्वास. मग, फार हळू: "शेहेचाळीस नंबर मिळतो का हो तिथे?"

दुकानाचा पत्ता दिला. रुंद पोटरीचा जोड मागा म्हणालो. बाई हसत नाही, हेही सांगितलं. एकटं जायला नको वाटलं तर स्टेशनवर थांबेन म्हणालो.

आवाज मी ओळखला. सगळं गाव ओळखेल. कोणाचा ते विबकेलाही सांगणार नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

शनिवारी, सव्वानऊची गाडी. दोघं.