खंडेनवमीला पुजलेलं कार्ड

सिडको, नाशिक
कोजागरीनंतरचा सोमवार, सकाळ

तीर्थरूप दाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, गोटीरामचा, वाकून नमस्कार.

"खटाक्!" दाजी, हा आवाज आठवतो का? मनमाडला तुमच्या लग्नात काळ्या फडक्यात डोकं खुपसलेल्या फोटोग्राफरनं केलेला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि अक्षता पडल्याचा, बँडचा, कसलाच आवाज माझ्या कानात उरला नाही, तेवढा तो उरला. पुढे पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं की काच कोरी निघाली, क्षमस्व. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता ना? (अक्का चोळून देत असेल तर रागात तर नाही ना, हे आधी पाहून घ्या.) इकडे सर्व क्षेम. क्षेम कसलं, आनंदीआनंद आहे! दाजी, फोटो सापडले!

सापडले म्हणजे हरवले होते, हे तुम्हाला आजच कळतंय. रागावू नका, क्रमानं सांगतो. अक्काच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी छाती ठोकून म्हणालो होतो की बाहेरचा फोटोग्राफर नको, मुलानं दिलेला कॅमेरा आहे आणि मी आहे. तेव्हा अक्कानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलेलं तुम्ही ऐकलं नसेल. म्हणाली, "गोटीराम, मला माझा एकटीचा एक फोटो पाहिजे. मांडीवर कुणाचं पोर नको. मी गेल्यावर तुम्ही भिंतीवर आधारकार्डावरचा लावाल, मला माहितीय. त्यात मी पोलिसांनी धरून आणल्यागत दिसते. भिंतीवरचा मी जिवंतपणी बघून पसंत करणार." एक्याऐंशी वर्षांत बहिणीनं मागितलेली ही पहिली वस्तू. मी शब्द दिला.

आता तुम्ही विचाराल, कार्यक्रम भाद्रपदात झाला, मग फोटो तेव्हाच का धुवून घेतले नाहीत? अहो, रोल संपला नव्हता! छत्तीस फोटो झाल्याशिवाय रोल बाहेर काढायचा नाही, अशी आपली शिस्त. कॅमेऱ्यावरचा आकडा तीनशे बारावर गेला तरी रोल संपेना, तेव्हा मी अभिमानानं म्हणालो, काय चिवट रोल आहे! आमच्या सुवर्णानं (सून असली तरी मास्तरीणच) सांगितलं की अप्पा, हा संपायला तुम्हाला शंभरी गाठावी लागेल. पण तोवर खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपण विळी पुजतो, कोयता पुजतो, शिलाई मशीन पुजतो. कॅमेऱ्यानं काय पाप केलं? पाटावर मांडला, झेंडू वाहिला. मग मनात आलं, नुसत्या देहाची पूजा काय कामाची, आत्मा तर आतल्या कार्डात. म्हणून ते नखाएवढं कार्ड बाहेर काढलं, त्याच्या पिवळ्याधमक पट्ट्यांवर ओलं गंध लावलं, वर हळद-कुंकू, दोन अक्षता, आणि तसंच भक्तिभावानं आत सरकवलं. दसऱ्याला सोनं वाटताना बटण दाबलं तर पडद्यावर पाटी आली की कार्ड वाचता येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे लग्नातली ती कोरी काच लख्ख उभी राहिली.

आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. अक्काचा रोज फोन. मी कधी सांगे कागद संपला, कधी दुकानदाराकडे सुतक आहे. शेवटी सुवर्णा मला सातपूरला सोमनाथकडे घेऊन गेली. हा दिवसा कारखान्यात पाळी करतो आणि उरलेल्या वेळात असली मेलेली यंत्रं उठवतो. त्यानं भिंगातून कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. "बाबा, व्हायरस लागलेली कार्डं लय आली, पाण्यात पडलेली आली. प्रसादासकट आलेलं हे पहिलंच." मग मऊ कुंचल्यानं, स्पिरिटनं, लेकराचा कान पुसावा तशा पट्ट्या पुसल्या. एक अक्षतेचा कण चिमट्यानं काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. मी तो डोळ्यांना लावला. (सुवर्णा बाहेर जाऊन हसून आली.)

मग कार्ड संगणकाला जोडलं आणि पडद्यावर एक हिरवी रेघ गोगलगाईसारखी सरकू लागली. दोन टक्के. तीन टक्के. दाजी, अशा वेळी माणसाला चौथीतलं वृत्तच तारतं. गुरुजी छडीनं ठेका धरत आणि साठ पोरं एका सुरात भुजंगप्रयात म्हणत, तसं माझ्या तोंडून आपोआप निघालं:

अरे चित्रसंचा, पुन्हा ये उजेडी
तुझ्यावाचुनी जाहली अक्क वेडी

(वृत्तासाठी तिचा 'का' छाटावा लागला. तिला कळवू नका.) सोमनाथ म्हणाला, "बाबा, मशीन आपापलं चालतंय, तुम्ही जोर नका लावू." पण मी लावला. आणि शंभर टक्के झाले! एकामागून एक तीनशे बारा चित्रं उमलली. तुमची नवी टोपी! चांदवडच्या डोंगरावर कापूस पिंजल्यासारखा ढग! कांद्याच्या चाळीवरची उन्हाची तिरीप! मांडवाच्या बांबूवरची चिमणी, पुन्हा तीच चिमणी, मग तीच उडालेली! सातपूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत मी सोमनाथला मिठी मारली. त्याची पाळी सुरू व्हायची होती, तरी त्यानं मारू दिली.

असो. आनंद पोटात मावेना म्हणून कागदावर सांडला. अक्काला साष्टांग, नातवंडांना पापे.

तुमचा,
गोटीराम

ता. क. – एक बारीकशी गोष्ट राहिली. तीनशे बारांपैकी अक्का चार फोटोंत आहे. एकात पाठमोरी. दुसऱ्यात एक्याऐंशी दिव्यांच्या ताटाआड, चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. तिसऱ्यात डोळे मिटलेले. चौथ्यात सुंदर हसते आहे असं वाटतं, पण वर माझा अंगठा आहे. सोमनाथनंही विचारलं, "बाबा, ज्यांचा कार्यक्रम होता त्या कुठंयत?" आणि मी तर काल फोनवर तिला सांगून बसलो की फोटो देवीसारखा आलाय! तेव्हा दाजी, पाया पडतो, येत्या रविवारी काहीतरी निमित्त काढून तिला नटवून ओसरीवर बसवा. मी सहज आलो असं दाखवीन. तिला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. दुसरा – बेल वाजली, सुवर्णा उघडायला गेली आहे. अहो दाजी, तुम्ही तिला एकटीला एसटीत बसवलंत? दारात अक्का उभी! नाकात नथ, जरीचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. चपला काढायच्या आधीच म्हणते आहे, "सुवर्णे, पाणी मागाहून. गोटीराम, देवीसारखा म्हणालास तेव्हाच समजले. दिवसभर तुझा कॅमेरा ढगाकडं होता, मी बघत नव्हते का? चल, ऊन आहे तोवर काढ. अन् या खेपेला माझ्याकडं बघ."