चार बोटांची जागा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं, पण तुमचा उजवा हात कधीही डोळ्यांपुढे उभा राहतो. परवा नागावला आमच्या घरी तसंच झालं. तुमच्या नातवाने पर्यटकांसाठी होडी घेतली आहे. ती ट्रेलरवर लादून तो गाडीने रस्त्यावर चढवत होता. आमचं अंगण खालवर आहे, गाडी आणि ट्रेलर यांच्यामधलं जोडाचं लोखंड जमिनीला घासायला लागलं, तसा तो खिडकीतून ओरडला, "आई, जरा वाकून बघ गं, किती जागा आहे?" मी तशीच आत गेले आणि मोरीत तोंड धूत उभी राहिले. सत्तरी उलटलेली बाई मी. सुनेला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मीही हो म्हटलं.

लष्कराच्या मोडीतली जीप आणि तिचा ट्रेलर तुम्ही श्रीवर्धनच्या वाडीत आणलात, तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. सुपारीची पोती बैलगाडीने बंदरावर न्यायला अख्खी सकाळ जायची, आता तासाभरात दोन खेपा होतील म्हणून तुम्ही लग्नघरातल्यासारखे मिरवत होतात. पहिल्याच खेपेला हसं झालं. आपली वाडी खोलात, रस्ता वर, आणि मधल्या चढावर रहाटाच्या पाण्याचा पाट आडवा. त्यावर जांभ्याचे चिरे टाकलेले, त्यांचा चांगला हातभर उंचवटा. जीपची चाकं पलीकडे उतरली, ट्रेलरची अलीकडेच राहिली, आणि मधला जोड चिऱ्यावर बसला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "अण्णा, रिकामी होती तवा गेली. आता माल हाय. ही न्हाय जायाची." तुम्ही आदल्या दिवशी माप घेतलं होतंत, पण रिकाम्या ट्रेलरचं. पोती चढल्यावर तो खाली बसणार, हे एवढ्या हिशेबी माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं!

पाट खाली घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं. तुम्ही ऐकलं नाहीत. तो पाट पुढे शेजारच्या काकूंच्या वाडीत जायचा, एक वीत खाली घेतला असता तर त्यांच्या वरच्या पोफळींना पाणी चढलं नसतं. "लोकांच्या पाण्याला मी हात लावणार नाही," म्हणालात, आणि पोफळीची खोडं उभी चिरून त्यांच्या फळ्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना चाकांखाली घातल्यात. चाकं उचलली गेली, जोडाखाली जागा झाली. पण किती झाली ते दर खेपेला बघायचात, आणि बघायची तुमची रीत म्हणजे जमिनीवर पालथं पडून लोखंडाखाली हात घालायचा. चार बोटं आडवी मावली तर गाडी पुढे. आई ओट्यावरून म्हणायची, "अहो, काठी घ्या की." तुम्ही म्हणायचात, "काठीला कळत नाही." माझं काम एवढंच, तुमचा हात बाहेर आला की ड्रायव्हरला सांगायचं, येऊ दे. माझी नजर चांगली, म्हणून ते काम माझ्याकडे.

अण्णा, मला त्या कामाची किती भीती वाटायची ते तुम्हाला कधी कळलंच नाही. तुमच्या मनगटावर एवढं वजन टांगलेलं, खाली ओल्या फळ्या, आणि तुम्ही मजेत गुणगुणत बोटं चाचपताय. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, म्हणून सांगितलं नाही.

त्या दिवशी पाटाला पाणी सुटलं होतं आणि चिऱ्यांच्या फटीतून झिरपून फळ्या निसरड्या झाल्या होत्या. जीप वर, ट्रेलर खाली, तुम्ही पालथे. हात आत गेला. फळी करकरली. ड्रायव्हर विचारतोय, "ताय, येऊ दे?" मी म्हणते, "हो." जीप हलते, फळी सटकते, लोखंड खाली बसतं. ओरडला तो ड्रायव्हर. तुमच्या तोंडून आवाजसुद्धा आला नाही.

ट्रेलर सोडून त्याच जीपने आपण दवाखान्यात गेलो. आईच्या पातळाचा तुकडा तुमच्या हाताला गुंडाळलेला, तो मी दोन्ही हातांनी धरलेला. दोन बोटं जाणार हे मला दिसत होतं. वाटेत तुम्ही अगदी हळू विचारलंत, "तू बघत होतीस ना गं?" मी म्हटलं, "हो अण्णा, बघत होते." तुम्ही मान हलवलीत. "मग माझाच हात आत राहिला. मला वाटलं, काढला."

ट्रेलर तुम्ही त्याच महिन्यात विकलात. त्याचं मला काही नाही. पण पुढे आयुष्यभर तुम्ही स्वतःवरचा विश्वास घालवून बसलात. रहाटाशी जाईनात, आईच्या हातून उकळतं भांडं घेईनात. माझा मुलगा झाला तेव्हा त्यालाही उचलून घेतलं नाहीत. मांडीवर ठेवू का विचारलं तर म्हणालात, "नको, माझा हात कधी काय करेल मलाच कळत नाही." मी समोर उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायला तर जागाच नाही. तुमचा हात हुकला नव्हता अण्णा. तो आत आहे की बाहेर, ते मी बघितलंच नव्हतं. फळी करकरली तेव्हा भीतीने मी डोळे मिटून घेतले होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच हो म्हटलं होतं.