टॉवेलखालचा सौदा

पंकजभाऊ,

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता आणि मी "अण्णा बरे आहेत" म्हणते. खरं इथंच लिहिते, कारण हे पत्र काही पाठवायची नाही. तुमचे वडील मला मारतात. अंघोळ घालायला गेलं की माझी बोटं पिरगाळतात, "सोडणार न्हाई!" म्हणून ओरडतात. वृद्धाश्रमाच्या मॅडम म्हणतात, मनाला लावून घेऊ नको. मनाचं सोडा, बोटं सुजलीत त्याचं काय?

परवा झटापटीत टॉवेल आमच्या हातांवर पडला आणि अण्णा गप्पच झाले. टॉवेलखाली माझी बोटं हळूच दाबू लागले. जन्मभर बैलांचा व्यापार केलेला माणूस. घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचा. मीही त्यांची दोन बोटं दाबली. "झाला सौदा," म्हणाले आणि मुकाट अंघोळ करून घेतली. आता रोज आधी टॉवेल टाकते.

पण काल नेवाशात रस्ता ओलांडताना माझ्या लेकीनं माझं बोट धरलं आणि मी हात असा झटकला की ती पडली. आता ती पदर धरून चालते. मी हात पुढं केला तरी धरत नाही.

रविवारी विचाराल तेव्हा अण्णा बरेच असतील.

रेश्मा