क्यूपर्स यांच्या बंदुकीबाबत आणि माझ्या मागे राहणाऱ्या इतर गोष्टींबाबत

मी, हृषिकेश भास्कर टेंभे, वय पंचवीस, मूळ राहणार खडकी, पुणे, हल्ली मुक्काम आखन, जर्मनी, आज चांगला शुद्धीत असून, चहाखेरीज काहीही न घेता, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. इथल्या कायद्याला अख्खा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली की पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. पण बाबांना साक्षीदारांशिवायचा कागद म्हणजे वाण्याची पुडी वाटते. म्हणून माझा खोलीतला जोडीदार सुयश आणि त्याची बायको होऊ घातलेली मैत्री या दोघांना स्वयंपाकघरात बसवून ठेवलं आहे. दोघं आतून सारखी विचारतायत, झालं का.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या महिन्यात मी सायकलवरून पडलो. पडण्याने काही झालं नाही, पण डोक्याचा फोटो काढला त्यात एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. उरलेल्या तिघांचं काय होतं ते मी विचारलं नाही. आईसाठी स्पष्ट नमूद करतो की जिवाला कंटाळून मी हे लिहीत नाही. मला जगायचं आहे. प्रेमभंग झालेला आहे, ती बाब वेगळी, आणि तिचं कलम शेवटी आहे.

कलम एक. बँकेत जे काही असेल ते आईचं, सौ. संध्या भास्कर टेंभे हिचं. तिने ते देवळात देऊ नये. दातांचं काम तीन वर्षं पुढे ढकलते आहे, ते करून घ्यावं.

कलम दोन. सायकल सुयशची. पुढचं चाक वाकडं आहे हे त्याला माहीत आहे, नंतर तक्रार चालणार नाही.

कलम तीन. माझ्या मालकीची एकही बंदूक नाही. हे लिहावं लागतं, कारण पुण्याहून प्रत्येक फोनवर कोणीतरी विचारतंच, 'काय रे, घरी किती ठेवल्यास?' मी जुन्या लष्करी बंदुका विकत नाही, चालवतही नाही. संग्राहक त्या ऑनलाइन लिलावात मांडतात, तेव्हा त्या खऱ्या की कोणी जोडून-घासून बनवलेल्या, हे सांगणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, टेलन यांच्या कार्यशाळेत मी आउसबिल्डुंग करतो, म्हणजे हाताखाली काम करत शिकतो. जुन्या जर्मन रायफलीच्या नळीवर, गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवर, अगदी स्क्रूवरसुद्धा एकच नंबर ठोकलेला असतो. सगळे तुकडे एका नंबरचे निघाले तर ती जन्मापासून एकसंध आहे आणि संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. म्हणूनच काही लबाड लोक परक्या बोल्टवरचा नंबर घासून तिथे नवा ठोकतात. ठोकलेल्या आकड्याची कड जुनी की नवी, हे बघणं माझं काम. ते मला चांगलं येतं. येत होतं.

कलम चार. बाबांनी दिलेलं मापं घ्यायचं व्हर्नियर बाबांना परत. खडकीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वापरलेलं. बाबा, मी कॉलेज तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं ते अभ्यास झेपेना म्हणून नव्हे. प्रोफेसरांनी भर वर्गात माझा रिपोर्ट वाचून दाखवून लोकांना हसवलं, आणि मी त्यांना जे म्हणालो ते जर्मनमध्ये बरंच व्याकरणशुद्ध होतं. मग दुसऱ्याच दिवशी नाव काढून घेतलं. तुम्ही फोनवर म्हणालात, 'डोकं गरम असलं की माणसाने आधी हात खिशात घालावेत.' मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं, आणि एकदा नाही, दोनदा.

कलम पाच. देवदत्त, ज्याने माझ्याआधी माझ्या बाबांना फोन करून कॉलेज सोडल्याची बातमी दिली, त्याला मी काहीही ठेवत नाही, आणि हे विसरून राहिलेलं नाही. माझा राइस कुकर त्याच्याकडे आहे. झाकणासकट परत करावा.

कलम सहा. हे नीट लिहितो, कारण यात एका मेलेल्या माणसाचं नाव अडकलं आहे.

ज्ञानदा पोलादावर पीएच.डी. करत होती आणि क्यूपर्स आजी-आजोबांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची. आमचं जमून वर्ष होत आलेलं. आईला सून पसंत होती, पार्सलात मला लाडू आणि तिला हळद-कुंकवाची डबी यायची. क्यूपर्स आजोबा कुलपांचे कारागीर, निवृत्त. त्यांच्याकडे परवान्याच्या बंदुकांचं लोखंडी कपाट होतं आणि संग्राहकांत त्यांच्या शब्दाला मान होता. क्यूपर्सकडून आली म्हणजे खरी, असं लोक म्हणत. खंडेनवमीला ज्ञानदाने घरातलं सगळं लोखंड पुजलं, सायकल, कात्री, आजोबांचे कानस-हातोडे. मग भीत भीत विचारलं, बंदुकीला लावू? आजोबा म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! तिलाही एक सण मिळू दे." तिने तेलाच्या बोटाने बोल्टवर कुंकू लावलं. आजोबांनी ते पुसलं नाही. संग्राहक काही पुसत नाहीत. 'माझ्या घरात बंदुकीचं जे झालं तोही तिचा इतिहास,' असं म्हणाले. हे सगळं मला फार उशिरा कळलं, कारण त्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात रागारागाने फॉर्म भरत होतो, आणि नंतर तिने सांगायला घेतलं तेव्हा माझंच रडगाणं चालू होतं.

आजोबा पुढच्या वर्षी गेले. आजींनी बंदूक लिलावाला दिली, ती एजंटामार्फत, त्यामुळे नाव नव्हतं, नुसता क्रमांक आणि अकरा फोटो. हेर टेलन सुट्टीवर होते. त्यांचा नियम एकच, की फोटोवरून फार तर 'सिद्ध होत नाही' म्हणावं, 'खोटी' म्हणायचं तर वस्तू हातात हवी. मी फोटो मोठा केला. बोल्टच्या आकड्यांच्या खाचांत लाल काहीतरी होतं. ठोकलेल्या नव्या कडा झाकायला रंग भरतात, हे मी नुकतंच शिकलेलो. मी लिहिलं: बोल्ट परका, नंबर नव्याने ठोकलेला, खाचांत ताजा लाल रंग, बनावट. खाली माझी सही.

दर खंडेनवमीला ज्याचे बाबा कारखान्यातून कपाळाला कुंकू आणि खिशात पेढा घेऊन घरी यायचे, ज्याने कुंकू लावलेलं व्हर्नियर लहानपणी हातात धरलं, त्याला ते ओळखता आलं नाही.

लिलाव कंपनीने बंदूक आजींना परत केली, कोणीतरी नंबरावरून ती क्यूपर्स यांची हे ओळखलं, आणि दोन दिवसांत संग्राहकांच्या फोरमवर सगळं फुटलं. ही खोटी तर म्हाताऱ्याने आजवर विकलेल्यांतल्या किती खोट्या? एकाने सोळा वर्षांपूर्वी घेतलेली बंदूक परत घ्या म्हणून आजींना पत्र पाठवलं. मग ज्ञानदा कार्यशाळेत आली, हातात माझा रिपोर्ट.

"हे तू लिहिलंयस?"

"हो. का?"

"हा लाल रंग कसला?"

"लॅकर. भरतात तसं. तुला नाही कळायचं."

"कुंकू आहे ते, हृषी. तुझ्या आईच्या डबीतलं."

इथे मी गप्प बसलो असतो तरी पुष्कळ होतं. मी म्हणालो, "कुंकू असलं म्हणून नंबर खरा ठरतो का?"

"मग जाऊन बघ ना. बसने दहा मिनिटं. आजी कपाट उघडून देतील."

"एकदा सही केली की मी प्रत्येक म्हातारीच्या दारात जाऊन माफी मागत फिरू? तुला त्या मेलेल्या माणसाचं पडलंय. माझ्या सहीचं नाही."

ती म्हणाली, "सही तुझी होती म्हणूनच आले. दुसऱ्या कोणाची असती तर वकील पाठवला असता."

तिने त्या रिपोर्टाची नीट घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. जूनमध्ये तिला हॅम्बर्गला जागा मिळाली. निरोप आला नाही, मी मागितलाही नाही. ती चुकीसाठी गेली नाही, चूक कोणाकडूनही होते. त्या चार वाक्यांसाठी गेली.

सप्टेंबरात हेर टेलन स्वतः आजींकडे जाऊन बंदूक भिंगाखाली बघून आले. सगळे नंबर मूळचे. बोल्ट तिचाच. मला एवढंच म्हणाले, "खोटी तू लिहिलीस. खरी पण तूच लिही." दोन महिने झाले. मी लिहून पाठवलेलं नाही.

कलम सात. म्हणून माझ्या मृत्यूनंतर माझ्या कपाटातला बंद लिफाफा हेर टेलन यांनी उघडावा आणि त्यातला खुलासा लिलाव कंपनीला व फोरमवर माझ्या नावाने

इथे शनिवारी सकाळी लिहिणं थांबलं. मैत्री चहाचा कप न्यायला आली होती आणि उभ्या उभ्या वाचत होती.

"मेल्यावर?" ती म्हणाली. "सत्त्याण्णव टक्के तर तू मरत नाहीयेस. मग त्या आजींनी काय, उरलेल्या तीन टक्क्यांची वाट बघायची?"

सुयश आतून ओरडला, "अशा कागदावर मी साक्ष देणार नाही. फ्राऊ क्यूपर्स ब्याऐंशीच्या आहेत, भावा. तुझ्याआधी त्याच जायच्या."

मी दोघांना बरंच काही बोललो. ते इथे लिहीत नाही. मग लिफाफा फोडला.

कलम सात रद्द. खुलासा शनिवारी दुपारी कंपनीला गेला आणि फोरमवरही, माझ्या पूर्ण नावाने. कुंकवासकट सगळं लिहिलं आहे. हेर टेलन यांनी खाली आपलं मत जोडलं. त्यावर येणारी उत्तरं मी वाचणार नाही असं ठरवलं होतं, वाचली. मी स्वतःला जे म्हणायला हवं ते लोकांनी माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत म्हटलं आहे. एकाने मात्र लिहिलं, 'हेर क्यूपर्स यांची क्षमा मागतो.' ज्याने बंदूक परत घ्या म्हटलं होतं, तोच.

आज रविवारी चार वाजता आजींकडे गेलो. दार उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पत्र पुढे केलं. म्हणाल्या, "चष्मा आत आहे. मोठ्याने वाचा." मी पायरीवर उभा राहून वाचलं, दोन पानं. शेजारचे गृहस्थ पानं झाडायचे थांबले. आजी त्यांना म्हणाल्या, "तुम्हीही ऐका, हेर नॉयमन, माझ्या नवऱ्याबद्दल आहे." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तो असता तर त्याने तुम्हाला आधी चूक दाखवली असती, मग कॉफी दिली असती. मी कॉफी देणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. मग दार लोटता लोटता त्यांनी विचारलं, "ज्ञानदाला मी कळवू? ती दर रविवारी फोन करते."

मी नाही म्हणालो. का ते कलम आठमध्ये लिहितो.

कलम आठ. ज्ञानदाला मी काहीही ठेवत नाही. वस्तू नाही, पत्र नाही, निरोप नाही. सप्टेंबरपासून मी तो खुलासा नऊ वेळा लिहिला आणि प्रत्येक वेळी तो तिला कसा वाटेल हे बघत लिहिला. कोणतं वाक्य वाचून ती परत येईल ते शोधत होतो, आणि सापडत नव्हतं म्हणून पाठवत नव्हतो. आजी तिकडे रोज पोस्टाची पेटी भीत भीत उघडत असणार. हे मला काल पाठवताना कळलं. तिला कळायचं तर आजोबांचं नाव साफ झालं एवढंच कळावं. हृषिकेश सुधारला असं कोणीही तिला सांगू नये, सुयशने तर नाहीच. ऑपरेशनचंही नाही. भीतीने किंवा दयेने तिने माझ्यासाठी हॅम्बर्गहून गाडीत बसावं, असं मला फार वाटतं, म्हणूनच ही मनाई लिहून ठेवतो.

मी गुरुवारी वाचलो तर वरची सर्व कलमं आपोआप रद्द समजावीत आणि सायकल माझी मला परत मिळावी. कलम आठ मात्र मी जिवंत असेपर्यंतही लागू राहील.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं, आणि खाली त्यांच्यादेखत सही केली.

सही: हृषिकेश भास्कर टेंभे

साक्षीदार:
१. सुयश दादाराव गायकवाड (सही). कलम आठ मान्य नाही, पण पाळीन.
२. मैत्री कांबळे (सही)

स्थळ: आखन
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार