खांद्याच्या वर

३ मार्च

आज त्याला बाहेर काढलं! आधी खाटेवर, मग खुर्चीत — सगळी थंडी घरात गेली. डॉक्टरांनी बजावलंय, आता कोवळं ऊन आहे, मोकळी हवा आहे, रोज सकाळी बागेत न्या. घरात बसवून ठेवलंत तर हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही.

तोंडावर ‘अहो’ म्हणते. इथे ‘तो’. तेवढी मुभा मी घेतलीय.

दारापासून बागेच्या फाटकापर्यंत शिव्या घालत आला. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ अजून जड आहे, त्यामुळे शिवीचं पहिलं अक्षर बाहेर येतं आणि तिथेच अडकतं. पुढचं मी मनात पुरं करते. इतक्या वर्षांची उजळणी आहे, चुकत नाही. उजवा पाय ओढतो. उजवा हात नुसता लोंबतो.

फाटकात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. “तुझ्यासारखी सेवा कोण करतं आजकाल,” म्हणाल्या आणि तो लोंबता हात त्यांनी मायेने थोपटला. याच हाताने त्याने माझा जबडा मोडला होता. काकूंच्या पायाखालच्याच खोलीत. आवाज वर गेला नसेल असं होणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “दात दुखतोय का गं?”

५ मार्च

बागेत व्यायामाचा वर्ग असतो. दवाखान्याची एक मुलगी घेते — गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आवाज असा की तळ्यावरची बदकं उडावीत. मी तिचं नाव शिट्टीच ठेवलंय. झटका आलेले, गुडघे बदललेले, नुसतेच म्हातारे, असे सगळे ओळीने उभे राहतात. पुढे कर्नल. तो कुठल्याही फौजेत नव्हता, पण सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणून कर्नल.

शिट्टी ओरडली, “हात उचला!”

माझी मान आपोआप खाली गेली. कोपर तोंडापुढे आलं. डोळे मिटले.

सगळे हसले. शिट्टीही हसली. “काकू, तुम्ही नाही हो! काकांनी उचलायचाय.”

मीही हसले. काय करणार. फक्त तो हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याला बरं वाटत होतं. मला कळतं ते.

६ मार्च

पाय दुखतायत. त्याचे नव्हे, माझे. इतकी वर्षं शिलाई मशीनवर बसून पाय म्हणजे नुसत्या काठ्या झालेत.

९ मार्च

लिहून टाकते.

थंडीत मी पडद्यांच्या चुण्या घालायची तेव्हा तो शेजारी खुर्चीत असायचा. मेलेला हात खुर्चीच्या हातावर टेकवलेला. एक दिवस टाचणी घेतली आणि तळहातात खुपसली. काही नाही. त्याला पत्ताच नाही, तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग रोज. कधी अंगठ्याखाली, कधी बोटांच्या बेचक्यात. रक्ताचा ठिपका आला की चिंधीने पुसायची आणि पुढची चुणी घालायची. लाज वाटली का? नाही. खोटं कशाला लिहू. उलट त्या दिवशी जेवण जास्त जायचं.

आज टाचणी टेकवली मात्र — हात झटकला गेला!

त्याने हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी टाचणी पडद्यात खोचली आणि मशीन सुरू केलं. टाका सगळा वाकडा गेला, परत उसवावा लागला.

१२ मार्च

करंगळी हलली. शिट्टीने उडी मारली. मी चहा तसाच ओतून टाकला.

१५ मार्च

सगळे म्हणतात, वसंतात बाग किती प्रसन्न असते. यांनी डोळे घरी ठेवलेले असतात. आज तळ्याकाठी दोन नर बदकं एका मादीवर पडली होती. एकाने तिची मान चोचीत धरून पाण्यात दाबली होती. ती वर आली की परत दाबायचा. डोक्यावरची पिसं उपटून मांस लाल दिसत होतं. बाकावरच्या बाया बाबागाडीतल्या बाळाला दाखवत होत्या, “बघ, बदकं खेळतायत.”

मी दगड मारला. नेम बरा लागला. एक नर लंगडत गेला. कर्नल म्हणाला, “वहिनी, पक्ष्यांना मारू नये.”

त्याला डाव्या हाताने मारता येत नाही, एवढं एक बरं आहे. थंडीत एकदा प्रयत्न केला होता. सूप गार झालं म्हणून डावा हात फिरवला आणि स्वतःच तोल जाऊन पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडला, पालथा. मी आधी सूप गरम केलं. मग त्याला उचललं.

१८ मार्च

लेकीचा फोन. मी उत्साहाने सांगत होते — आता काठीशिवाय बाकापर्यंत जातात, भूक लागते, रंग सुधारलाय. ती मधेच म्हणाली, “आई, तू त्यांना बरं का करतेयस?”

मी म्हटलं, “म्हणजे काय? आजारी माणूस आहे.”

“आजारी होते म्हणून तर चार महिने तुझ्या अंगावर वळ नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेयस.”

ती लहान असताना टेबलाखाली बसून कानात बोटं घालायची आणि मोठ्याने पाढे म्हणायची. मार थांबेपर्यंत म्हणत राहायची. वर्गात तिचे पाढे सगळ्यांत पक्के होते. बाई मला म्हणायच्या, “घरी छान करून घेता हो.”

मशीनवर काम आहे म्हणून फोन ठेवला.

२१ मार्च

आज अर्धी फेरी. तळ्याच्या पुलापर्यंत जाऊन परत. मी पुढे, तो मागे. “थां…थांब!” असं ओरडत होता. नाही थांबले. मला आता धाप लागत नाही. जिना एका दमात चढते. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात, दाबून पाहिल्या.

भाऊजी आले होते दुपारी. म्हणजे माझा दीर. सध्या टायरचं दुकान तोच बघतो. दादाचा रंग पाहून खूश झाला. “वहिनी, तुम्ही होतात म्हणून. दुसरी कोणी असती तर पळून गेली असती.” वर हसला. मग त्याला म्हणाला, “दादा, लवकर या दुकानात. गिऱ्हाईकं अजून विचारतात, हाताने टायर काढणारा कुठे गेला.”

लोखंडी कांब न वापरता टायर काढायचा तो. लोक बघायला थांबायचे. मला मारायलाही त्याला कधी पट्टा किंवा काठी लागली नाही. “आपल्याला हत्यार लागत नाही,” हे त्याचं ब्रीद. त्यात त्याला अभिमान होता!

२७ मार्च

उघड्यावरच्या यंत्रांत एक आडवा दांडा आहे. शिट्टीने त्याला समोर उभं केलं. “काका, फक्त दांड्याला हात लावायचा. खांद्यापर्यंत.”

सगळा वर्ग भोवती. हात थरथरत वर निघाला. पोटापर्यंत. छातीपर्यंत. मानेच्या शिरा फुगल्या. कर्नल म्हणत होता, “शाबास, शाबास, अजून!” आणि लागला. बोटं दांड्यावर वळली. टाळ्या! वरच्या काकूंनी डोळे पुसले.

मीही टाळ्या वाजवत होते. थांबवता आल्या नाहीत.

दांडा धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. भाषा अजून नीट नाही त्याला, पण त्या बघण्यात एकही अक्षर अडकलं नाही.

२९ मार्च

मारलं.

बुटाची नाडी. मी बसून बांधत होते. घट्ट झाली म्हणे. मी खाली, तो खुर्चीत, अगदी हाताशी. पहिला फटका कानावर बसला. आधी वाटलं कपाट पडलं. मान वर केली तर हात डोक्याच्याही वर गेलेला. दुसरा गालावर. तिसरा मुठीने, तोंडावर. ओठ दातांवर फाटला. रक्त त्याच्या पांढऱ्या मोज्यावर पडलं आणि त्याने पाय मागे घेतला — मोजा खराब झाला म्हणून.

नंतर तो रडला. आनंदाने! स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरून, मूठ उघडत, मिटत. “आ…आला,” म्हणाला. “आला!” सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही परत आला.

संध्याकाळी शिट्टीचा फोन. रोज करते, पेशंटची चौकशी.

“काकू, हात काय म्हणतोय?”

ओठ सुजलेला. कसंबसं म्हणाले, “हात उचलला त्यांनी.”

“अरे वा! आपणहून?”

“आपणहून.”

“खांद्याच्या वर गेला?”

“गेला.”

“किती वेळा?”

“तीन.”

“मस्तच! उद्या पाच वेळा करून घ्या. दमले नाहीत ना?”

“थोडी धाप लागली त्यांना.”

“लागणारच, जोर लावला असेल. काकू, हे सगळं तुमचं यश आहे हं.”

मला हसू फुटलं. इतकं की ओठाची खपली निघाली आणि परत रक्त आलं. पोर बिचारी म्हणत होती, “किती खूश झालायत तुम्ही!”

३० मार्च

बागेत गेले. तोंड तसंच घेऊन. काकूंनी फाटकातूनच वाट बदलली. कर्नल म्हणाला, “पडलात वाटतं,” आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

शिट्टीने पाहिलं. शिट्टी तोंडात तशीच राहिली. सगळ्यांना तळ्याभोवती पिटाळलं आणि माझ्याशेजारी बसली.

“काल मी ‘मस्त’ म्हटलं,” ती म्हणाली. “‘पाच वेळा करून घ्या’ म्हटलं.”

“तुझी काय चूक? ‘हात उचलला’ हे शब्दच तसे आहेत.”

तिचे डोळे भरले. म्हणाली, “मी हाताचे व्यायाम थांबवते. डॉक्टरांना सांगते. पोलिसांत जाऊ या, मी येते बरोबर.”

मी तिचा दंड धरला. जरा जोरातच धरला असावा, कळवळली. म्हटलं, “काही थांबवायचं नाही. हात, पाय, जीभ — सगळं चालू दे. त्याला एकट्याने पूर्ण फेरी मारता आली पाहिजे. जिना चढता आला पाहिजे. स्वतःचं स्वतः जेवता आलं पाहिजे. मला तो पूर्ण बरा करून दे.”

ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मार डोक्याला लागलाय.

२ एप्रिल

परत. भिंतीवर डोकं. कारण आठवत नाही, बहुतेक नव्हतंच.

सकाळी बागेत नेलं. पाऊण फेरी.

६ एप्रिल

आज नाही!

मी चहा ठेवत होते. मागून आला. आता पाय ओढत नाही, त्यामुळे चाहूल लागत नाही. पण भांड्याच्या चकचकीत अंगात हात वर जाताना दिसला. वळले आणि मनगट धरलं.

शिट्टीने मलाच शिकवलंय — काकांची मूठ आवळून बसली तर मनगट आत दुमडायचं, अंगठा बाहेर काढायचा, बोटं आपोआप उघडतात. हळूच करायचं, दुखतं. मी हळू केलं नाही. मनगट दुमडलं, अंगठा धरला आणि उलटा नेला. तोंडातून कुत्र्यासारखा आवाज आला त्याच्या. गुडघ्यांवर आला. मी नेतच राहिले. त्याचं तोंड शेगडीच्या जाळाच्या पातळीला होतं, केस करपल्याचा वास आला. आयुष्यात पहिल्यांदा तो मला म्हणाला, “नको.” स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता.

आणखी जरा नेला असता तर अंगठा मोडला असता. मोडायचाच होता मला. त्याचं एकेक बोट मोडायचं होतं, पाढ्यासारखं, ओळीने. पण मोडला की परत दवाखाना, परत खुर्ची, परत मी.

सोडला. चहा गाळून त्याच्यापुढे ठेवला.

म्हटलं, “अहो, उद्यापासून फेरीला एकटं जायचं.”

हो म्हणाला.

७ एप्रिल

एकटा गेला. पूर्ण फेरी. एकटा आला.

१० एप्रिल

शिट्टीने आज सगळ्यांसमोर सांगितलं, काका आता पूर्ण बरे आहेत, वर्गाची गरज नाही. तिलाच मी तसं मोठ्याने सांगायला लावलं होतं. टाळ्या. काकू होत्या, कर्नल होता, भाऊजींनाही मुद्दाम बोलावलं होतं. भाऊजी म्हणाले, “वहिनी, दादा ठणठणीत! आता तुम्ही सुटलात.” तो फेरीला निघाला. तो तळ्याच्या पलीकडे गेल्यावर मी फाटकातून बाहेर पडले.

त्याला झटका आला त्या सकाळी माझी बॅग भरून तयार होती. आजारी माणसाला टाकून गेली, हे मला जन्मभर ऐकायचं नव्हतं. म्हणून थांबले. लेकीच्या घरी बसून हे लिहितेय. त्याला टाकलं नाही मी. चांगला धडधाकट करून सोडलाय.